तिन्ही काळांचा मार

यंग्सटाउनला, लेम्युएलच्या सलूनमध्ये
दर शनिवारी जुने काळ रिंगणात उतरतात.
बाहेर बर्फ, मीठ टाकून पांढुरका झालेला रस्ता.
आत थॅडियस म्हणतो, पंधरा फेऱ्यांचा जमाना तो जमाना.
बाराव्या फेरीनंतरच तर माणूस कळायचा,
हल्ली कळायच्या आतच घरी पाठवतात.

इम्रिच, पोलादाच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेला,
मान हलवतो. त्याच्याही आधीचा काळ धर, म्हणतो, माझ्या बापाचा.
रेडिओवर ऐकलेला ठोसा
बघितलेल्या ठोशापेक्षा जड असतो.

आणि कोर्डेल, सगळ्यांत तरुण, म्हणजे एकसष्टचा,
फोनवर आजचे दाखवतो : साडेसहा फुटी,
दारातून वाकून येणारे.
"तुझा दोनशे पौंडवाला यांच्या काखेखालून निघून जाईल."
"जाईल ना. जाताना बरगडी घेऊन जाईल."

लेम्युएलची कात्री थांबत नाही.
मेलेल्यांना जिवंतांशी लढवणं सोपं,
कुणालाच टाके पडत नाहीत.

खुर्चीत माझे वडील. होझिया ब्रॅक्स्टन.
जिंकले एकोणीस, हरले एकतीस,
बरोबरीत दोन, त्यातली एक आम्ही घरात जिंकलेलीच धरतो.
पोस्टरवर त्यांचं नाव असायचं तळाशी,
छापखान्याच्या पत्त्याच्या जरासं वर.
पण या सलूनमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही ते त्यांच्याकडे आहे :
तिन्ही काळांनी त्यांना मारलंय.

विशीत, टोलीडोला, उताराला लागलेल्या एका जुन्या विजेत्यानं.
मग ऐन भरातल्या एकानं, टीव्हीवर, चौथ्या फेरीत.
आणि चाळिशीत, भाडं थकलेलं असताना,
एका उंच पोरानं, जो पुढे फार मोठा झाला.

मी हे काळ वेगळे मोजते.
पहिल्यातून आईचा फ्रिज आला.
दुसऱ्यातून माझ्या बाळंतपणाचं, म्हणजे मी जन्मले त्याचं, बिल फिटलं.
तिसऱ्यात भाडं गेलं, आणि डाव्या डोळ्याचा अर्धा उजेड.

आज थॅडियसनं विचारलंच.
"होझिया, तू सांग. कोण भारी?"

वडिलांचा शब्द हल्ली उशिरा उठतो.
दहाच्या आत उठतो मात्र.
आम्ही मनात मोजत राहिलो. सहा. सात.

"पहिल्याच्या ग्लव्ह्जमध्ये घोड्याचे केस होते," ते म्हणाले.
"केस सरकायचे. हाड लागायचं."
आठ.
"दुसऱ्याला त्या रात्री खोकला होता. लपवत होता."
मग इतका वेळ गेला की
कोर्डेलच्या फोनचा पडदा विझला.
"तिसऱ्यानं मला धरलं."

"मिठी मारली? दमला होता?"

"नाही. मी पडत होतो.
पंच पलीकडे, त्याला दिसलं नाही.
पोरानं माझ्या काखांत हात घातले,
आणि कानात म्हणाला, सर, बसा आता."

रेडिएटर तेवढा खडखडत होता.
मला हे ठाऊक नव्हतं.
चाळीस वर्षं मी त्या पोराला
घरातल्या घरात शिव्या घातल्या होत्या.

"म्हणजे तिसरा काळ!" कोर्डेल ओरडला.
"एका मिठीवरून काळ ठरतो होय रे?" थॅडियस उसळला,
आणि पुन्हा जुंपली.

लेम्युएलनं मानेवरचे केस झटकले, पैसे घेतले नाहीत.
कोटाची चार बटणं मी लावली.
माझ्या बोटांमागून त्यांची बोटं येत होती,
प्रत्येक बटणाला एक फेरी मागे.

दारातून बाहेर पडताना अजूनही
डावा खांदा आधी, हनुवटी आत.
पाठीमागे इम्रिच सांगत होता,
घोड्याच्या केसांचं मात्र खरं आहे हं, माझा बापही तेच म्हणायचा.